वाळवंटातला फ्रूटकेक

मंडळी, आमच्या धंद्यात ‘नवीन’ या शब्दाचं भारी प्रस्थ आहे. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं काहीतरी उचलायचं, त्याला नवं नाव द्यायचं, वर एक चकचकीत लोगो चिकटवायचा आणि क्लायंटला सांगायचं, बघा, हे एकदम नवीन आहे. त्यामुळे कुणी मला ‘हे भविष्यातलं अन्न’ असं म्हणालं की माझे कान उभे राहतात. हे नक्की कुठल्या जुन्या व्हर्जनचं नवं पॅकेजिंग आहे ते शोधायची खाज सुटते.

तर सध्याचं भविष्यातलं अन्न म्हणजे किड्यांचं पीठ. दचकू नका. रातकिडे पाळायचे, थंडीने मारायचे, भाजायचे, दळायचे. जे तपकिरी पीठ निघतं त्याच्या कोरड्या वजनात साठ ते सत्तर टक्के प्रोटीन असतं. पाश्चात्त्य देशांत त्याच्या कुकीज, ब्राउनी, केक, प्रोटीन बार वगैरे करतात. गाईपेक्षा पाणी कमी, जागा कमी, चारा कमी, म्हणून पर्यावरणाला बरं, असा एकूण युक्तिवाद. (शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. मी कुणाला काही खायला सांगत नाहीये. शनिवार-रविवारच्या वाचनाचा हा वृत्तांत आहे, इतकंच.)

मी जरा उकरायला बसलो आणि हाती काय लागलं, तर हा केक नवीन वगैरे काही नाही. त्याची लेखी नोंद १८४६ सालची आहे, त्याला तेव्हाच ‘फ्रूटकेक’ म्हटलं गेलंय, आणि गोऱ्या माणसांनी तो विकत घेऊन खाल्लाय. मग मध्ये दीडशेहून जास्त वर्षं तो कुठे गेला? ही गोष्ट मला मूळ पाककृतीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा यांच्या मधोमध एक प्रचंड खोलगट प्रदेश आहे, ग्रेट बेसिन. आजचं नेवाडा आणि युटाचा अर्धा भाग त्यात येतो. इथल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत. कुठल्यातरी खाऱ्या तळ्यात जाऊन आटतात. त्यातलं सगळ्यात मोठं तळं म्हणजे ग्रेट सॉल्ट लेक. पाऊस बेताचा, उन्हाळा करपवणारा, हिवाळ्यात बर्फ. अशा ठिकाणी यूट, शोशोनी, गोशूट, पायूट हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. गवताचं बी झोडपायचं, पिन्यॉन नावाच्या बुटक्या पाइनच्या बिया गोळा करायच्या, ससे हाकायचे, कंद उकरायचे आणि मोसम आला की किडे गोळा करायचे. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी असते ना, पापड-कुरडया-सांडगे, तशी यांची हिवाळ्याची बेगमी.

जुलै १८४६. हा प्रदेश कागदोपत्री तेव्हा मेक्सिकोचा होता. एडविन ब्रायंट नावाचा केंटकीतला एक पत्रकार काही साथीदारांसह खेचरांवरून कॅलिफोर्नियाला निघाला होता. सॉल्ट लेकजवळ त्यांचा मुक्काम पडला असताना तीन मध्यमवयीन यूट बायका टोपल्या घेऊन आल्या. टोपल्यांत एक घट्ट लगदा होता. सर्विसबेरी नावाचं जांभळट, करवंदाएवढं गोड फळ चेचून त्याचा जॅमसारखा गर केलेला आणि त्यात वाळवून कुटलेल्या नाकतोड्यांचं पीठ मिसळलेलं. हे मिश्रण उन्हात कडक वाळवतात, म्हणजे आपली फणसपोळी किंवा आंबापोळीच म्हणा, फक्त प्रोटीनसकट. ब्रायंटने त्याला या वाळवंटातल्या लोकांचा फ्रूटकेक म्हटलं. बायकांच्या रूपाबद्दल त्याने अत्यंत उद्धटपणे लिहिलंय. पण पुढे प्रामाणिकपणे हेही लिहिलंय की त्यांनी आणलेला सगळाच्या सगळा माल या मंडळींनी विकत घेतला. मोबदला काय दिला, तर रफू करायच्या सुया आणि असल्याच बारीकसारीक वस्तू. सुरुवातीला नाकतोड्यांबद्दल सगळ्यांच्या मनात किळस होती, पण ती लवकरच गेली आणि शेवटी त्यातला तुकडाही वाया गेला नाही, अशी त्याची नोंद आहे. हे पुस्तक १८४८ मध्ये छापून आलं.

या नोंदीला एक भीषण शेपूट आहे. ब्रायंट ज्या मोठ्या तांड्याबरोबर निघाला होता त्यातलीच काही कुटुंबं बैलगाड्यांसकट मागून येत होती. सॉल्ट लेकच्या दक्षिणेकडून जाणारी नवी वाट गाड्यांसाठी धोक्याची आहे, असा इशारा देणारी पत्रं ब्रायंटने वाटेतल्या फोर्ट ब्रिजर या ठाण्यावर ठेवली होती. ती पोचली नाहीत. मागची मंडळी त्याच वाटेने गेली, उशीर झाला आणि सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकली. हीच ती इतिहासात कुप्रसिद्ध झालेली डॉनर पार्टी. ८७ पैकी ४८ जण वाचले, तेही काहींनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन. किळस ही गोष्ट किती परिस्थितीवर अवलंबून असते हे एकाच वर्षात, एकाच वाटेवर दिसतं. असो.

आता उत्पादनाची बाजू. इंजिनिअर असल्यामुळे मला पहिला प्रश्न हा पडला की इतके किडे गोळा करायचे कसे? एकेक पकडत बसलात तर जितकं खाल तितकं पळण्यातच जाईल. उत्तर असं की ग्रेट बेसिनमध्ये किडे एकेक येतच नाहीत. तिथे ‘मॉर्मन क्रिकेट’ नावाचा एक जाडजूड, न उडणारा किडा आहे. नावात क्रिकेट असलं तरी तो खरा रातकिडा नाही, लांब मिशांच्या नाकतोड्यांच्या कुळातला आहे. काही वर्षी हे लाखोंच्या संख्येने पायी मोर्चा काढतात. दिवसाला दोनेक किलोमीटरसुद्धा जातात. का जातात, हे शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये शोधून काढलं आणि ते वाचून मी खुर्चीतच हललो. त्यांना प्रोटीन आणि मीठ कमी पडतं! आणि हाताशी असलेला प्रोटीनचा सगळ्यात जवळचा साठा म्हणजे पुढे चालणारा भाऊबंद. जो थांबेल त्याला मागचा खातो, म्हणून सगळे चालत राहतात. (प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या टीमची अवस्था साधारण अशीच असते. :) )

या मोर्चाचा उपयोग करून घ्यायची पद्धत ईगन नावाच्या मॉर्मन कुटुंबाच्या आठवणींत नोंदलेली आहे. १९१७ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. गोशूट लोक उतारावर लांबलचक चर खणत आणि त्यावर वाळलेलं गवत पसरत. मग बाया, पुरुष, पोरं रांग धरून हातातल्या गवताच्या जुड्यांनी झोडपत किड्यांना त्या चरांकडे हाकत. किडे गवताखाली शिरले की गवत पेटवून द्यायचं. मारणं आणि भाजणं एकाच पायरीत. नंतर टोपल्या भरून घरी न्यायचं, वाळवायचं, दगडावर दळायचं, बियांच्या पिठात मिसळून भाकरी करायची. भाकरी काळी दिसायची. आणि याच आठवणींत तो भाग आहे ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो. हे कशाला घालता, असं विचारल्यावर मिळालेलं उत्तर असं होतं की याने भाकरीला चव येते, गोऱ्या बायका केकमध्ये साखर घालतात ना, तसंच. म्हणजे नाइलाज म्हणून नव्हे हो! त्यांच्या दृष्टीने ते पक्वान्न होतं.

आणि हिशोब? तो १९८० च्या दशकात डेव्हिड मॅडसन या पुरातत्त्वज्ञाने मांडला. सॉल्ट लेकच्या पश्चिम काठावर लेकसाइड केव्ह नावाची गुहा आहे. तिच्या थरांत आणि तिथे सापडलेल्या मानवी विष्ठेतसुद्धा नाकतोड्यांचे तुकडेच तुकडे मिळाले. ते आले कुठून हे कळेना. मग १९८५ मध्ये तळ्याच्या किनाऱ्यावर एक दृश्य दिसलं. वाऱ्याने पाण्यात पडलेले नाकतोडे लाटांनी काठावर आणून टाकलेले, लांबच लांब ढिगांत, खारवलेले आणि उन्हात वाळलेले. आपल्या कोकणातली सुकटीची खळी आठवा. फक्त इथे खारवणं-वाळवणं दोन्ही कामं निसर्गानेच करून ठेवलेली. मॅडसनच्या हिशोबाने एका माणसाला तासाभरात सुमारे ९० किलो माल गोळा करता येत होता. पाण्याच्या कडेला मॉर्मन क्रिकेट गोळा केले तर तासाला सुमारे साडेआठ किलो. तेवढ्यात ४३ बिग मॅकइतकी ऊर्जा, असं त्याने १९८९ च्या एका लेखात लिहिलं. सशामागे किंवा हरणामागे दिवसभर धावण्यापेक्षा हा सौदा कितीतरी किफायतशीर. ‘बिचारे, दुसरं काही नाही म्हणून किडे खायचे’ हे जे आपलं डोक्यातलं चित्र असतं ते या एका आकड्यापाशी कोसळतं.

मग हा केक गेला कुठे?

जुलै १८४७ मध्ये मॉर्मन वसाहतवाले सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले. १८४८ च्या उन्हाळ्यात त्यांचं पहिलं मोठं पीक उभं होतं आणि डोंगरातून ते काळे किडे उतरले. (‘मॉर्मन क्रिकेट’ हे नाव यावरूनच पडलं.) झाडू, आग, पाणी, सगळं करून झालं. मग पांढऱ्या सीगल पक्ष्यांचे थवे आले आणि किडे फस्त करू लागले. तो देवाचा चमत्कार मानला गेला. सॉल्ट लेक सिटीत १९१३ मध्ये सीगलचं स्मारक उभारलं आणि पुढे तो युटाचा राज्यपक्षीही झाला. हा चमत्कार नंतर रंगवून सांगितला गेला का, यावर इतिहासकारांनी बरंच लिहिलंय, त्यात मी पडत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. त्याच काळात भुकेने हैराण झालेल्या या वसाहतवाल्यांनी स्थानिक लोकांकडून सेगो लिली नावाच्या फुलझाडाचे कंद उकरून खायला शिकून घेतले. ती सेगो लिली १९११ मध्ये युटाचं राज्यपुष्प झाली. म्हणजे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकातला कंद चालला. किडे मात्र पक्ष्यांनी खाल्ले तर चमत्कार आणि माणसांनी खाल्ले तर रानटीपणा.

हे ‘रानटी’ म्हणणं नुसतं नाक मुरडण्यापुरतं नव्हतं. कंद उकरणारे म्हणून या सगळ्या लोकांना गोरे लोक ‘डिगर’ म्हणत. तो शब्द शिवीसारखाच वापरला जाई. मार्क ट्वेनसारख्या माणसाने १८७२ च्या ‘रफिंग इट’मध्ये गोशूट लोकांबद्दल जे लिहिलंय ते आज वाचवत नाही, आणि त्यांच्या हीनपणाचा पुरावा म्हणून दिलेल्या यादीत ससे, क्रिकेट आणि नाकतोडे आहेत. तोवर वसाहतवाल्यांच्या गुरांनी गवत संपवलं होतं, म्हणजे बी संपलं होतं. चांगलं पाणी असलेली खोरी गेली होती. उपाशी शोशोनी आणि वसाहतवाले यांच्यातले तंटे वाढत गेले आणि २९ जानेवारी १८६३ रोजी बेअर नदीकाठी लष्कराच्या तुकडीने शोशोनींच्या हिवाळी वस्तीवर हल्ला करून शेकडो माणसं मारली, बायकापोरांसकट. ज्या लोकांचं अन्न ‘अन्नच नाही’ असं एकदा ठरलं, त्यांची जमीन ‘रिकामी’ ठरवायला मग फार वेळ लागत नाही. ही साखळी मला नीट दिसली तेव्हा केकचा विषय गमतीचा राहिला नाही.

पुढचा अंक डोंगरापलीकडे, नेब्रास्का, कॅन्सस, मिझुरीच्या मैदानांत. आपल्या भाषेत ‘टोळधाड’ हा शब्द आपण आगंतुक पाहुण्यांसाठीही वापरतो. तिथे १८७४ मध्ये खरीखुरी आली. रॉकी माउंटन लोकस्ट नावाचा टोळ. पिकं गेली, झाडांच्या साली गेल्या, दोरीवरचे वाळत घातलेले कपडे गेले. १८७५ मध्ये अल्बर्ट चाइल्ड नावाच्या गृहस्थाने नेब्रास्कात डोक्यावरून पाच दिवस जाणारा थवा पाहिला आणि तारेने इतर गावांकडून माहिती घेऊन हिशोब केला: ११० मैल रुंद, १८०० मैल लांब, क्षेत्रफळ १,९८,००० चौरस मैल. महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठं. संख्येचा अंदाज साडेतीन लाख कोटी!

शेतकरी कुटुंबं उपाशी होती. लष्कराने कोट आणि बूट वाटले. आणि चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली हा मिझुरी राज्याचा कीटकशास्त्रज्ञ म्हणाला की अहो, पीक गेलं खरं, पण ते सगळं पीक आता टोळांच्या रूपात तुमच्या अंगणात पडलंय, तेच खा. नुसतं बोलून थांबला नाही. १८७५ मध्ये वॉरन्सबर्ग गावात त्याने पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि टोळांचं सूप, भजी, केक, भाजलेले टोळ आणि शेवटी मधातले टोळ वाढले. लोकांनी खाल्लं, चव आवडल्याचं सांगितलं, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. आणि पुढे? काही नाही. शेतकरी उपाशी राहिले, पण टोळ खाल्ले नाहीत.

वरवर पाहता ब्रायंटचं आणि या शेतकऱ्यांचं प्रकरण सारखंच. दोन्हीकडे गोरे लोक, दोन्हीकडे भूक. फरक माझ्या मते असा. ब्रायंट प्रवासी होता. चार दिवस वेगळं काही खाल्लं तर तो ‘तो’च राहणार होता, उलट पुस्तकात लिहायला एक किस्सा मिळाला. शेतकऱ्याचं तसं नव्हतं. जी जमीन ‘किडे खाणाऱ्यांकडून’ घेतली तिच्यावर बसून स्वतःच किडे खायचे, म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा वरचे आहोत हा सगळा आधारच गेला. जिभेने नाही म्हटलं नव्हतं हो, वॉरन्सबर्गच्या जेवणात ते सिद्धच झालं. नाही म्हणाली ती प्रतिष्ठा.

या टोळाचा शेवट तर कहरच आहे. सगळं खाऊन टाकणारा हा प्राणी तीसेक वर्षांत पृथ्वीवरून नाहीसा झाला. जिवंत नमुने शेवटचे मिळाले ते १९०२ मध्ये. कुणी ठरवून मारला नाही. जेफ्री लॉकवूड या कीटकशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार थवे ओसरले की हे टोळ रॉकी पर्वतातल्या मोजक्या नदीखोऱ्यांत अंडी घालत, आणि नेमकी तीच खोरी वसाहतवाल्यांनी नांगरली, पाण्याखाली घातली, गुरांनी तुडवली. ‘न संपणारं प्रोटीन’ असं कुणी म्हणालं की मला आता हा टोळ आठवतो. लाखो कोटींचा साठा असला तरी तो कुठल्यातरी जमिनीला बांधलेला असतो. ती गेली की तो गेला.

आता एकदम २०१२. सॉल्ट लेक सिटी. हो, तीच जागा! पाण्याच्या नियोजनाचं काम करणाऱ्या पॅट क्राउली यांनी ‘चापुल’ नावाची कंपनी काढून क्रिकेटच्या पिठाचे बार विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये ‘शार्क टँक’ या टीव्ही कार्यक्रमात मार्क क्यूबनने तिच्यात पैसे घातले. मधल्या काळात, २०१३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा जाडजूड अहवाल आला. जगात १९०० हून जास्त जातींचे किडे खाल्ले जातात, रातकिड्याचं वजन एक किलो वाढायला साधारण दोन किलो खाद्य लागतं तर गाईला आठ, वगैरे. अहवालाने एकदम लाट आली. २०१७ मध्ये फिनलंडच्या फाझर बेकरीने एका पावात सत्तरेक रातकिडे दळून घातलेला ब्रेड काढला. युरोपीय संघाने जानेवारी २०२३ मध्ये रातकिड्याच्या पिठाला बेकरीच्या पदार्थांत परवानगी दिली आणि लगेच इटलीत पिझ्झा-पास्त्याचं काय होणार म्हणून गहजब झाला.

लाटेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की रातकिड्यांना कोंबडीचं खाद्य दिलं तर ते कोंबडीपेक्षा थोडेसेच सरस ठरतात, आणि नुसता काडीकचरा दिला तर बहुतेक मरूनच जातात. म्हणजे ‘कचऱ्यातून प्रोटीन’ हे वाटतं तितकं सोपं नाही. किड्यांच्या शेतीत जगात सगळ्यात जास्त गाजलेल्यांपैकी एक असलेली फ्रेंच कंपनी ‘इन्सेक्ट’, प्रचंड भांडवल उभारूनही २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. गोशूट बायकांचा हिशोब जमत होता कारण त्यांचे किडे फुकट वाढत होते आणि स्वतःच्या पायांनी चरापर्यंत येत होते. कारखान्यात प्रत्येक किड्याला हीटर, खाद्य आणि पगारी माणूस लागतो.

एवढं वाचल्यावर चव घेणं भागच होतं. ऑनसाइटहून परतणाऱ्या एका मित्राकरवी छोटं पाकीट मागवलं. या पिठात ग्लूटेन नाही, त्यामुळे पाव किंवा केक फुगवायला ते एकट्याने कामाचं नाही. म्हणून ज्याला फुगायची गरजच नाही असा आपला पदार्थ निवडला, नानकटाई. तूप, पिठीसाखर, वेलदोडा, मैदा, आणि मैद्याच्या साधारण दहा टक्के ते पीठ. टीममधल्या एकाला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, त्याला आधीच लांब ठेवलं, कारण रातकिडा आणि कोळंबी ही नात्यातली आणि अ‍ॅलर्जीही सारखीच. नानकटाई रंगाने नाचणीची वाटली, चवीला भाजलेल्या तिळासारखी किंचित खरपूस. सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. (सांगून दिली. न सांगता असलं काही खाऊ घालणं हा गुन्हा आहे असं माझं मत.)

माझा रूममेट भामरागडकडचा, माडिया. त्याने दोन खाल्ल्या, म्हणाला ठीक आहे, पण यात किडा आहे कुठे? मग पहिल्यांदाच तो तपशिलात बोलला. झाडावरचं पानांचं घरटं कसं काढतात, लाल मुंग्या आणि त्यांची अंडी मिरची-मीठ घालून पाट्यावर कशी वाटतात, तिचा आंबटपणा कसा असतो, तापात ती कशी देतात. आम्ही तीन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतोय. मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीस रे? तो हसून म्हणाला, “हॉस्टेलला असताना एकदा बोललो होतो. पुढची चार वर्षं मला ‘मुंगी’ म्हणायचे.” मग पाकीट हातात घेऊन त्याने इंग्रजीतली वाक्यं मोठ्याने वाचली, भविष्य, पृथ्वी, क्रांती. म्हणाला, “माझ्या आजीला सांगायला पाहिजे, ती क्रांतिकारक आहे म्हणून.”

मला यावर काही बोलता आलं नाही. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ च्या सुरुवातीला जीआय मानांकन मिळाल्याची बातमी त्याला दाखवली. त्याने ती लगेच घरी पाठवली.

आपण सगळेच किळसेच्या बाबतीत सोयीस्कर विसरभोळे असतो. कोकण-गोव्यात जवळा आवडीने खातो. तो काय आहे, तर पाण्यातला किड्यांचा चुलतभाऊ. चकचकीत चॉकलेटच्या गोळ्यांवरचा लेप लाखेचा असतो, म्हणजे किड्याच्याच अंगातून आलेला. काही मिठायांचा लाल रंग कोचिनील किड्याचा असतो. मे २०२० मध्ये विदर्भात टोळ आले, तेव्हा अग्निशमनचे बंब लावून फवारणी केली. ते बरोबरच होतं, संत्र्याच्या बागा वाचवायच्या होत्या, आणि फवारलेला टोळ खाणं म्हणजे विष खाणं. माझं म्हणणं हे नाही की सगळ्यांनी उद्यापासून किडे खावेत. शाकाहाऱ्याने खाऊ नयेत, ज्याला नको त्याने खाऊ नयेत, आणि डाळी-कडधान्यांच्या देशात प्रोटीनसाठी रातकिड्यांचं पीठ परदेशातून आणायची गरजही मला दिसत नाही.

म्हणणं एवढंच आहे की श्रेय द्यायला शिकू या. ओपन सोर्समध्ये एक साधा नियम असतो, दुसऱ्याचा कोड घेतलात तर मूळ लिहिणाऱ्याचं नाव फाइलीच्या वर ठेवा. कोड कितीही बदला, ते नाव खोडायचं नाही. मी पाहिलेल्या त्या पाकिटावर पृथ्वीचं चित्र होतं, आकडे होते, पानाचं हिरवं चिन्ह होतं. शोशोनी, गोशूट, यूट हे शब्द कुठेही नव्हते. १८४६ मध्ये त्या तीन बायकांना निदान सुया तरी मिळाल्या होत्या.